परिचर्या व रोगप्रक्रियेचे ज्ञान

रोगाचे कारण, त्याचा शरीरातील प्रवेश व प्रसार, त्यामुळे ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहांत) घडून येणारे बदल आणि त्यांची अखेरची परिणती या संपूर्ण क्रमाला रोगप्रक्रिया असे म्हणतात. रुग्णाची स्वच्छता, अन्नपाणी व औषधांच्या वेळा सांभाळणे एवढेच परिचर्येचे कार्य होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. रुग्णाच्या सान्निध्यात सर्वाधिक काळ असणाऱ्या व्यक्तीला रोग कसा पुढे सरकतो हे ठाऊक असले पाहिजे, हा विचार मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दृढ होत गेला. आंत्रज्वर, प्लेग व पटकी या तीन रोगांच्या परिचर्येचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्राचीन कल्पना : चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, कौशल्य, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण अपेक्षिलेले आहेत. रोगाची परीक्षा हे मात्र वैद्याचे कार्य समजले जाई. मध्ययुगीन यूरोपात ख्रिस्ती धर्मसंघांनी चालविलेल्या रुग्णालयांत शुश्रूषेला धर्मकृत्याचे स्थान होते. तेथेही भर करुणेवर होता. रोगाच्या कारणमीमांसेवर नव्हता.

नाइटिंगेल यांचे कार्य : क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) या नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह स्कूटारी (तुर्कस्तान) येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा अतिसार, आमांश व संसर्गजन्य ज्वर यांनीच अधिक सैनिक मृत्युमुखी पडत होते. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने सांडपाण्याचे मार्ग साफ करविले व हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली. त्यानंतर मृत्युप्रमाण झपाट्याने घटले. रोग ही शरीराने स्वतःची दुरुस्ती करण्याची प्रक्रिया असून तिला अनुकूल परिस्थिती निर्माण करणे हे परिचर्येचे काम होय, असे मत नाइटिंगेल यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या पुस्तकात मांडले. दूषित हवेतून रोग उद्भवतात, ही तत्कालीन समजूत त्यांनी स्वीकारलेली होती व जंतुसिद्धांत त्यांना दीर्घकाळ पटला नव्हता. कारणाविषयीची कल्पना सदोष असूनही स्वच्छता, खेळती हवा व सूक्ष्म निरीक्षण हे त्यांचे उपाय बव्हंशी योग्य ठरले. १८६० मध्ये लंडन येथील सेंट टॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या त्यांच्या विद्यालयाने याच उपायांवर भर दिला.

आंत्रज्वर : विल्यम बड यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आंत्रज्वराचा प्रसार रुग्णाच्या मलातून होतो, हे साधार दाखविले. १८८० मध्ये कार्ल एबेर्ट यांनी या रोगाच्या जंतूचे वर्णन केले. परिणामी मलमूत्र व कपडे यांचे जंतुनाशन हे परिचारिकेचे आवश्यक कर्तव्य बनले. याच सुमारास तापमापक रुग्णशय्येपाशी आला. कार्ल व्हुंडरलिख यांनी १८६८ मध्ये निरनिराळ्या ज्वरांतील तापमानाचे आलेख प्रसिद्ध केले होते. टॉमस ऑल्बट यांनी आखूड तापमापक प्रचारात आणल्यानंतर तापमानाची नोंद क्रमाक्रमाने परिचारिकेकडे सोपविण्यात आली.

नुसती नोंद मात्र पुरेशी नव्हती. या रोगात लहान आतड्यातील लसीका ऊतकाच्या पुंजक्यांवर व्रण पडतात व साधारणतः तिसऱ्या आठवड्यात एखाद्या व्रणाच्या जागी आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. अशा वेळी ताप एकाएकी उतरतो. परंतु नाडी जलद होते, पोटात तीव्र वेदना होतात व पोटाचे स्नायू ताठरतात. हा क्रम ज्ञात नसलेल्या व्यक्तीला ताप उतरणे हे सुधारणेचे चिन्ह वाटते. ज्ञात असलेली परिचारिका तत्काळ वैद्याला पाचारण करते. आंत्रज्वरावर क्लोरँफिनिकॉल हे प्रतिजैविक (जंतुनाशक औषध) १९४८ पासून वापरात आले. तत्पूर्वी रुग्णाचे जीवित प्रामुख्याने पूर्ण विश्रांती, द्रव आहार व अशा निरीक्षणावरच अवलंबून असे.

प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आली. प्लेगच्या जंतूचा शोध आलेक्सांद्र येर्सँ यांनी १८९४ मध्येच हाँगकाँग येथे लावला होता. तथापि जंतू माणसाच्या शरीरात कोणत्या मार्गाने शिरतो, हे अज्ञात होते. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले (१८३१–९७) व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. पुढील वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सीमाँ यांनी कराची येथे उंदरांवरील पिसवांमार्फत रोगप्रसार होत असल्याचे प्रयोगाने दाखविले. १९०५ पासून मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. गाठींच्या प्लेगमध्ये मुख्य धोका पिसवांचा असतो, तर फुप्फुसाच्या प्लेगमध्ये खोकल्यातून थेट संसर्ग होतो. या फरकाच्या ज्ञानामुळे मृत उंदरांना हात न लावणे, कपडे व अंथरूण पिसवारहित करणे, तसेच दुसऱ्या प्रकारात तोंड व नाक झाकणे व रुग्णास विलग ठेवणे, असे परिचर्येचे निश्चित नियम घालता आले.

पटकी : एकोणिसाव्या शतकात पटकीच्या तहानेने व्याकुळ झालेल्या रुग्णास पाणी देऊ नये, असे अनेक वैद्यांचे मत होते. मृत्यू प्रामुख्याने शरीरातील पाणी व लवणे नष्ट झाल्यामुळे येतो, हे पुढे स्पष्ट झाले. ग्लुकोजाच्या सान्निध्यात आतड्यातून सोडियम शोषले जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये दाखविले व पटकीतही ही क्षमता टिकून राहते, असे नंतर आढळले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत नीलेतून देण्याचा द्रव अपुरा पडू लागला, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३.५ ग्रॅ. मीठ व २.५ ग्रॅ. खाण्याचा सोडा घातलेले मिश्रण तोंडाने देण्याची व्यवस्था केली. हे काम बव्हंशी रुग्णांच्या नातलगांनीच केले. मृत्युप्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. रोगप्रक्रिया उमगल्यामुळे घोटघोट पाणी पाजणे हीच येथे मुख्य चिकित्सा ठरली.

शिक्षणातील स्थान : भारतात दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ मध्ये परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले व १९४७ च्या अधिनियमान्वये भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. शरीरक्रियाविज्ञान, सूक्ष्मजीवविज्ञान व विकृतिविज्ञान यांचा समावेश अभ्यासक्रमांत असतो. परिचारिकेने रोगाचे निदान करावे, हा त्यामागील हेतू नाही. अमेरिकेत १९७३ पासून स्वतंत्रपणे विकसित होत गेलेले ‘परिचर्यानिदान’ रोगाऐवजी त्या रोगाला रुग्णाकडून मिळणाऱ्या प्रतिसादाशी संबंधित असते. तथापि प्रतिसादातील कोणता बदल स्वाभाविक व कोणता धोक्याचा, हे रोगप्रक्रियेच्या ज्ञानावाचून ठरविता येत नाही. आंत्रज्वरातील उतरलेल्या तापाप्रमाणेच एकच चिन्ह दिलासा देणारे किंवा धोक्याची सूचना देणारे असू शकते आणि रात्री रुग्णाजवळ असलेल्या परिचारिकेलाच बहुधा ते प्रथम दिसते.