शिरगणतीचा प्रश्न आणि हरवलेल्या कामकरी स्त्रिया

आंकडा हा विचारण्यापूर्वींच लोकांपाशीं तयार असतो, प्रश्न तो केवळ बाहेर काढतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळदां प्रश्नच आंकडा घडवितो. याचें फार मोठें उदाहरण आपल्या शिरगणतीच्या इतिहासांत आहे.

१९६१ सालीं हिंदुस्थानांत कामकरी स्त्रिया सुमारें ५ कोटी ९४ लक्ष भरल्या. १९७१ सालीं त्या ३ कोटी १३ लक्षच उरल्या. आणि याच दहा वर्षांत स्त्रियांची एकंदर संख्या सुमारें २१ कोटींवरून २६ कोटींवर गेली होती! पावणेतीन कोटींहून अधिक बायकांनीं हातचें काम टाकलें कीं काय?

बदलला होता तो प्रश्न. अशोक मित्र यांच्या १९६१ च्या गणतींत, हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी स्त्री कामकरी ठरे. १९७१ सालीं चंद्रशेखर यांच्या गणतींत प्रथम विचारलें गेलें तें मुख्य काम. आतां गोराईची शेतकरीण भाताची लावणी करो, कीं वेसाव्याची कोळीण मासळी सुकवो, मुख्य काम म्हटलें कीं तिच्या तोंडीं आधीं चूलच येणार. उत्तर खोटें नव्हे. तिचें दुसरें काम निराळें नोंदलें जाई खरें, पण कामकऱ्यांच्या बेरजेंत ती येत नसे.

खुद्द शिरगणती-खात्यानेंहि पुढें या प्रश्नांची फेरपाहणी केली. परंतु एक नुकसान झालें तें झालेंच. स्त्रियांचें काम त्या दशकांत खरोखर किती घटलें आणि प्रश्नानें किती घटविलें, हें निवडून काढणें दुर्घट होऊन बसलें. आणि १९७४ सालीं स्त्रियांच्या स्थितीविषयीं सरकारी समितीचा अहवाल आला, तेव्हां नेमका हाच विषय ऐरणीवर होता.

१९८१ सालीं गेल्या वर्षांत कधींहि काम केलें काय, असें विचारलें गेलें. १९९१ सालीं त्यास जोड मिळाली: घरच्या शेतावर वा धंद्यांत बिनमोली केलेलें कामहि धरून.

मुलुंडच्या आमच्या शेजारच्या वहिनींना मीं सहज विचारलें, "वहिनी, तुम्ही काय करतां?"

"कांहीं नाहीं, घरींच असतें."

"आणि घरच्या दुकानाचें कांहीं?"

"तें होय! रोज सकाळीं दोन तास मसाल्याच्या पुड्या बांधतें. दिवाळींत तर रात्र रात्र."

१९९१ च्या कागदावर वहिनी कामकरी ठरल्या असत्या. १९७१ च्या कागदावर नव्हे.