दीड लक्ष निवेदने आणि एक राजधानी

मध्यप्रदेशाच्या स्थापनेविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघाले की ते बहुधा राजधानीपाशी येऊन थांबते. ग्वाल्हेरकर ग्वाल्हेरचा हक्क सांगतात, इंदूरकर इंदूरचा, आणि नागपूरहून आलेली मंडळी, आपली तर राजधानीच परराज्यात गेली, असे म्हणून सुपारी कातरू लागतात. अरेरा कॉलोनीतील जुन्या मराठी घराण्यांपैकी अनेक या तीन वाटांनीच भोपाळात आली. त्यामुळे हा वाद आपल्याकडे घरगुती झाला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे सारे ठरत असताना लोकांना विचारले गेले का, आणि त्यांनी दिलेले उत्तर संसदेत कुठवर टिकले?

विचारले गेले, यात शंका नाही. पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणार्पणानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला. आयोगाने जनतेकडून निवेदने मागवली. १,५२,२५० कागद जमा झाले. सदस्य १०४ ठिकाणी गेले, सुमारे ३८,००० मैलांचा प्रवास केला आणि ९,००० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. टपाल आणि आगगाडी एवढ्यावरच ज्या देशाचा कारभार चालत होता, त्या देशात हा खटाटोप केवढा मोठा होता, हे ज्यांनी सरकारी दौऱ्यांची कागदपत्रे हाताळली आहेत त्यांना सांगायला नको.

मात्र आयोगाने स्वतःच एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली आहे. या ढिगातील बहुतेक कागद म्हणजे तारा आणि छापील ठराव होते. अमुक गाव तमुक राज्यात घाला किंवा घालू नका, एवढेच त्यांत होते. नीट विचार करून लिहिलेली निवेदने दोन हजारांहून अधिक नव्हती. आम्हांस हा आकडा थोडा वाटत नाही. सीमा, महसूल, पाटबंधारे आणि भाषा यांचा विचार करून लिहिलेले दोन हजार लेख ही कोणत्याही धोरणाला पुरेशी शिदोरी आहे. प्रश्न तिचा उपयोग करण्याचा होता.

अहवाल ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर झाला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे वेगळे राज्य व्हावेत, मुंबई राज्य द्वैभाषिक असावे, आणि महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ मिळून नवे मध्यप्रदेश व्हावे, अशी शिफारस त्यात होती. डिसेंबरात संसदेत त्यावर दीर्घ चर्चा झाली. आपला मध्यप्रदेश अहवालातून जवळजवळ जसाच्या तसा कायद्यात उतरला. महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र वर्षभरात तीन वेळा पट बदलला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित होईल असे जाहीर केले आणि मुंबईत गोळीबार झाले. एप्रिलमध्ये मांडलेल्या विधेयकात विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. ऑगस्टमध्ये लोकसभेने ते तिन्ही पुसून विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य पसंत केले.

या घडामोडींत चिंतामणराव देशमुखांचे भाषण पुन्हा वाचण्याजोगे आहे. अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना २५ जुलै १९५६ रोजी ते लोकसभेत बोलले. मुंबईच्या प्रेमापोटी त्यांनी मंत्रिपद सोडले, एवढेच आपल्याकडे सांगितले जाते. त्यांचा मुख्य आक्षेप कार्यपद्धतीवर होता. शहर केंद्राकडे ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात विचारार्थ आलाच नाही, आणि ज्यांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध होता अशा सहकाऱ्यांशीही सल्लामसलत झाली नाही, असे त्यांनी सभागृहासमोर मांडले. दीड लक्ष कागद मागवणाऱ्या सरकारात खुद्द अर्थमंत्र्याला विचारलेले नव्हते! देशमुख मुरलेले सनदी अधिकारी होते. फाइल कोणाकोणाच्या टेबलावरून जायला हवी होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांचा आरोप इतका नेमका उतरला.

ऑगस्टमधला बदल न्यायालयातही गेला. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्याची सीमा बदलणारे विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी पाठवावे लागते. मुंबई विधिमंडळाकडे तीन घटकांचा प्रस्ताव गेला होता, द्वैभाषिकाचा कधीच गेला नव्हता. बाबुलाल परातेंनी हाच मुद्दा उचलला. त्यांची याचिका सप्टेंबर १९५६ मध्ये उच्च न्यायालयात फेटाळली गेली, आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. संसदेत दुरुस्ती झाली म्हणून प्रत्येक वेळी विधिमंडळाला नव्याने विचारण्याची गरज नाही, आणि विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारकही नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या अक्षरांप्रमाणे निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण एका प्रस्तावावर मत घेऊन दुसराच मंजूर करता येतो, हे त्या दिवशी पक्के झाले. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारल्यावरही तेलंगण झाले, त्यामागे हीच वाट आहे.

आता भोपाळकडे वळू. वर सांगितलेला अनुच्छेद त्या काळी फक्त 'अ' आणि 'ब' वर्गाच्या राज्यांना लागू होता. नागपूरचे जुने मध्यप्रदेश 'अ' वर्गात आणि ग्वाल्हेर-इंदूरचे मध्यभारत 'ब' वर्गात होते, तेव्हा त्यांच्या विधानसभांना विचारणे भाग होते. भोपाळ आणि विंध्यप्रदेश 'क' वर्गात होते. भोपाळला तीस सदस्यांची स्वतःची विधानसभा होती आणि शंकरदयाल शर्मा मुख्यमंत्री होते. तरी तिचे मत मागण्याचे बंधन राष्ट्रपतींवर नव्हते. ज्या शहराला राजधानीचा मान मिळाला, त्याच्या प्रतिनिधींना विचारणे घटनेच्या दृष्टीने ऐच्छिक होते, ही विसंगती आमच्या तरी वाचनात फारशी चर्चिलेली आलेली नाही. सातव्या घटनादुरुस्तीने हा वर्गभेद गेला. म्हणून २००० साली छत्तीसगढ वेगळे करताना आपल्या विधानसभेचे मत घेणे आवश्यक ठरले.

राजधानीवरील रस्सीखेच वाटण्या करून मिटवली गेली. उच्च न्यायालय जबलपूरला, त्याची खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तीन-चार ठिकाणचे कारकून, अधीक्षक आणि सचिव एका लहानशा शहरात येऊन दाखल होऊ लागले.

त्यांच्यासाठी खरी विचारपूस इथून सुरू झाली. पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमात सरकारी नोकरांची व्यवस्था आहे. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही सेवाशर्ती त्याच्या नुकसानीच्या बदलू नयेत, आणि कर्मचाऱ्यांच्या निवेदनांचा योग्य विचार व्हावा म्हणून सल्लागार समित्या नेमता याव्यात, अशी तरतूद त्यात केली आहे. नागपूरचे पद, ग्वाल्हेरचे पद आणि रीवाचे पद एकाच पायरीवर बसवायचे कसे? वेतनश्रेणी निराळ्या, पदनामे निराळी. तात्पुरती ग्रेडेशन लिस्ट निघायची, हरकती मागवल्या जायच्या, सुधारित यादी निघायची, पुन्हा हरकती. आमच्या आधीच्या पिढीची पुष्कळ शाई या अर्जांवर खर्ची पडली. त्या अर्जांची आज थट्टा होते, ती आम्हांस रुचत नाही. संसदेतील चर्चेत ज्यांचे नाव कुठे येणार नव्हते, त्यांना आपले म्हणणे लेखी मांडण्याचा आणि त्यावर लेखी उत्तर मागण्याचा हक्क त्या एका कलमाने दिला होता. कित्येकांना न्याय मिळाला, कित्येकांना निवृत्तीनंतर मिळाला, आणि काहींना मिळालाच नाही.

भाषेच्या बाबतीतही आयोगापुढील साक्षींचा काही अंश शेवटपर्यंत टिकला. कशीही रेघ ओढली तरी काही माणसे तिच्या पलीकडे राहणारच, हे आयोगाने ओळखले होते. बुऱ्हाणपूर असो वा इंदूर, मराठी घरे हिंदी राज्यात राहणार होती. म्हणून सातव्या घटनादुरुस्तीत ३५०-क आणि ३५०-ख हे अनुच्छेद आले. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला, ज्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. सप्टेंबर १९५६ मध्ये सरकारने या संरक्षणांचे ज्ञापन संसदेसमोर ठेवले. त्यात शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ साली ठरवलेले प्रमाण स्वीकारले होते: शाळेत त्या भाषेची चाळीस मुले असावीत किंवा एका वर्गात दहा, म्हणजे शिक्षक द्यावा लागेल.