सारंगियाची बैठक

संगीताच्या इतिहासात आपण घराणी मोजतो, बंदिशी मोजतो, गाजलेल्या मैफलींच्या आठवणी सांगतो. साथीला असलेला सारंगिया कसा बसत होता, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक त्याच्या उभे राहण्या-बसण्यात एका अख्ख्या बिरादरीचा इतिहास दडला आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली नाचाच्या मैफलींची चित्रे पाहा. पुढे नर्तकी, तिच्या मागे सारंगिया आणि तबलजी उभे. सारंगी कमरेच्या शेल्यात बांधलेली, तबल्याची जोडीही कमरेलाच. नर्तकी सरकली की साथीदारांनीही सरकायचे. एकाच लाकडातून कोरलेले ते वाद्य. त्याचा भार कमरेवर पेलून उभ्याउभ्या गज चालवायचा. बसणारे ते धनी आणि उभे राहणारे ते वाजवणारे, असा तो हिशेब होता.

ख्याल-ठुमरीच्या बैठकीत सारंगिया बसला. मांडी घालून सारंगी पुढ्यात उभी घेतलेली, तिचे शिर डाव्या खांद्याला टेकलेले. गज खालून धरायचा, तळहात बाहेरच्या अंगाला. डाव्या हाताची बोटे तातीवर दाबायची नाहीत; नखाचे मूळ बाजूने भिडवून सरकवायचे. त्या जागी घट्टे पडतात. सारंगीला पडदे नाहीत. खांदा आखडला की गज थरथरतो, मनगट ताठले की मींड तुटते, आणि सूर जरा हलला की तीसहून अधिक तरफा गप्प होतात. म्हणून उस्ताद आधी शागिर्दाची बैठक पाही, सूर नंतर. ही विद्या पोथीत नव्हती. ती बापाच्या अंगातून मुलाच्या अंगात उतरत होती. या घराण्यांतली बहुतेक आपल्याच समाजातली, मिरासी म्हणून हिणवलेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत कोठ्यावरून सभागृहात आले. सुशिक्षितांनी गाणे उचलले, पण सारंगीला कोठ्याचा डाग चिकटून राहिला. तिची जागा हळूहळू हार्मोनियमने घेतली. अनेक सारंगिये घराण्यांनी मग गळ्याची वाट धरली. किराण्याचे अब्दुल करीम खाँ सारंगियांच्या घराण्यातले. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवत, बडे गुलाम अली खाँ यांनीही आधी सारंगी हाती धरली होती. गायक होणे म्हणजे मागच्या जागेवरून पुढच्या जागेवर येणे होते. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात. त्या गळ्यामागची सारंगी किती जणांना आठवते? बालगंधर्वांच्या नाट्यपदांचेही तसेच. साथीला कादरबक्षांची सारंगी असे, प्रेक्षकांचे डोळे मात्र रंगमंचावर.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली आणि सारंगियांना रेडिओत पगाराची नोकरी मिळाली. रेडिओवर कोण पुढे बसला, कोण मागे, हे दिसत नाही. सूर तेवढा ऐकू येतो.

पुढे मुंबईत पंडित रामनारायण यांनी साथ सोडली आणि सारंगी घेऊन मंचाच्या मध्यभागी बसले. १९५४ च्या पहिल्या प्रयत्नाला श्रोत्यांनी दाद दिली नाही, तरी ते मागे सरले नाहीत. त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडूनही तालीम घेतली होती. विद्येला धर्म नसतो, हे वेगळे सांगायला नको. २०११ मध्ये सुलतान खाँ गेले, २०१५ मध्ये साबरी खाँ, २०२४ मध्ये रामनारायण.

आज सारंगियांच्या घरातली कितीतरी मुले दुसऱ्या धंद्यात आहेत. अपमानाच्या आठवणीमुळे बापांनीच त्यांना दूर ठेवले. त्यांना दोष कसा द्यावा? ध्वनिमुद्रिका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतून सूर मिळेल, पण खांदा किती सैल सोडायचा हे मिळणार नाही. त्यासाठी समोर उस्ताद बसलेला लागतो. असे उस्ताद अजून आहेत. आपल्या जलशांत, आपल्या संमेलनांत त्यांना बोलवावे, आणि बोलावल्यावर पुढे बसवावे.