कडेला चिकटलेला चेंडू

पूलच्या टेबलावर पांढरा चेंडू कुशनला चिकटून बसला की मुरलेला खेळाडूही क्षणभर थांबतो. समोरचा चेंडू सरळ पॉकेटच्या वाटेवर असतो, तरी हात आखडतो. पूलचा चेंडू सुमारे 57 मिलिमीटर व्यासाचा. कुशनची धार त्याच्या मध्यावर नसते. आदळलेला चेंडू उसळून बाहेर जाऊ नये म्हणून ती व्यासाच्या साधारण 63 टक्के उंचीवर बसवतात. म्हणजे चिकटलेल्या चेंडूचा वरचा जेमतेम तिसरा हिस्सा क्यूच्या वाट्याला येतो. मध्याच्या खाली मारून चेंडू मागे ओढण्याची सोयच उरत नाही. क्यूची मागची बाजू उचलावी, तर टोक केसभर बाजूला लागलं तरी चेंडू वाकडी वाट धरतो. कॅरममध्ये ही पीडा नाही. तिथे स्ट्रायकर दर वेळी उचलून आपल्या रेषेवर मांडता येतो. इथे मागच्या फटक्यानं चेंडू जिथे सोडला, तिथूनच पुढचा फटका मारायचा.

ही अडचण खेळाइतकीच जुनी आहे, आणि खेळाचं मुख्य हत्यार तिच्यातूनच आलं.

बिलियर्ड्स मुळात हिरवळीवरचा खेळ. पंधराव्या शतकात तो फ्रान्समध्ये घरात, टेबलावर आला. अकराव्या लुई राजाकडे असं टेबल होतं. हिरवं कापड ही त्या गवताची आठवण. टेबलाच्या कडेला तेव्हा नुसत्या लाकडी भिंती असत, चेंडू खाली पडू नये एवढ्यापुरत्या. आणि चेंडू मारायला क्यू नव्हता, ‘मेस’ होता. आपल्या खानावळीच्या मेसशी याचा संबंध नाही. हा टोकाला लाकडी ठोकळा बसवलेला दांडा. ठोकळ्यानं चेंडू ढकलायचा. मोकळ्या मैदानात हे ठीक. पण चेंडू भिंतीला टेकला की त्याच्यामागे ठोकळा शिरायला जागाच नसे. मग खेळाडू दांडा उलटा करून त्याच्या बारीक शेपटीनं चेंडू मारू लागले. शेपटीला फ्रेंचमध्ये ‘क्यू’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही शेपटीच स्वतंत्र काठी झाली, आणि पुढे ठोकळा कायमचा गेला. दांडा पहिल्यांदा कुणी उलटा केला, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. एक मात्र नोंदलेलं आहे: ही सोय बराच काळ पुरुषांपुरतीच होती. बायका टोकदार काठीनं कापड फाडतील, अशा भीतीनं त्यांच्या हातात मेसच ठेवला गेला. पुरुषांनी किती कापडं फाडली, याचा हिशेब कुणी मांडल्याचं वाचनात नाही.

काठी मिळाली तरी तिचं उघडं लाकडी टोक चेंडूवरून घसरे. त्यावर उपाय काढल्याचं श्रेय फ्रँस्वा मँगो या फ्रेंच पायदळातल्या कॅप्टनला जातं. राजकीय कारणांसाठी तो तुरुंगात होता. तिथे खेळता खेळता त्यानं काठीच्या टोकाला चामड्याची टोपी बसवली. सुटकेची वेळ आली तेव्हा अभ्यास पुरा व्हायचाय म्हणून त्यानं आणखी काही दिवस आत राहू देण्याची विनंती केली, अशी दंतकथा आहे. खरी असो-नसो, खेळाडूंना ती पटते. 1807मध्ये तो बाहेर आला आणि लोकांना चेंडू मागे ओढून, वळवून दाखवू लागला. 1827मध्ये त्याचं पुस्तक आलं. क्यू जवळजवळ उभा धरून चेंडूला गिरकी देणारा ‘मासे’ हा फटकाही त्याच्याच नावाशी जोडलेला आहे. पुढे इंग्लंडमध्ये बाथ शहरातल्या जॅक कार या मार्करनं साधा खडू जादूची पूड म्हणून विकल्याचं सांगतात. टोकाला खडू लावला की घसरणं आणखी कमी झालं.

टेबलाची कडही बदलत होती. लंडनच्या जॉन थर्स्टननं 1835च्या सुमारास रबराची कुशन आणली. थंडीत ती दगडासारखी होत, म्हणून खेळाआधी गरम पाण्याच्या पत्र्याच्या भांड्यांनी त्यांना शेक द्यावा लागे. गंधक घालून पक्क्या केलेल्या रबरानं 1845मध्ये ही कटकट मिटवली.

पण रबर असो वा लाकूड, चिकटलेल्या चेंडूची अडचण आहे तिथेच आहे. मँगोची सगळी विद्या मध्याच्या खाली आणि बाजूला मारण्याची. कुशन नेमका तोच भाग झाकून ठेवतं. हाती राहतो तो साधा घरंगळता चेंडू. त्याचीही एक शिस्त असते. घरंगळत आलेला पांढरा चेंडू समोरच्या चेंडूला साधारण अर्धा लागला, की मूळ वाटेपासून जवळपास 30 अंशांनी वळतो. धडक थोडी कमी-जास्त बसली तरी हा कोन फारसा बदलत नाही. म्हणून जाणते खेळाडू इथे हिकमत करत नाहीत. बोटं कुशनवर टेकून, क्यू शक्य तितका आडवा धरून, आखूड आणि हळू फटका मारतात. चेंडू कुठे जाऊन थांबेल ते वेगावर ठरवतात.

या कडेवर कुणाची पूर्ण हुकमत आली, की नियमकर्ते अस्वस्थ होतात. 1907मध्ये टॉम रीसनं दोन चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी अडकवले आणि पाच आठवडे एकच फटका पुन्हा पुन्हा मारत 4,99,135 गुण केले. त्याच वर्षी त्या फटक्यावर बंदी आली. ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम तिन्ही चेंडू कुशनच्या कडेनं हळूहळू हाकत नेई. जानेवारी 1932मध्ये लंडनला जो डेव्हिसविरुद्ध त्यानं एका डावात 4,137 गुण केले. मग ठरावीक गुणांनंतर चेंडू टेबलावरची आडवी रेषा ओलांडून नेण्याची सक्ती झाली. रीसवरची बंदी मी समजू शकतो; पाच आठवडे ते बघणार कोण? लिंड्रमच्या बाबतीत मात्र अडचण एवढीच होती, की एका माणसाला कड फारच चांगली समजली होती.

आपल्याकडे हा खेळ छावण्यांतून आणि क्लबांतून आला. 1875मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्यानं स्नूकरची जुळणी केली. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. क्लबांत गुण मांडणारे, क्यू पुसून ठेवणारे, वेळ पडली तर सभासदांबरोबर खेळणारे मार्कर मात्र इतिहासात फारसे भेटत नाहीत. मला हा खेळ अशाच एकानं शिकवला. पहिला महिनाभर त्यांनी मला एकही चेंडू पॉकेटमध्ये टाकू दिला नाही. पांढरा चेंडू कुशनला चिकटवून ठेवायचे आणि म्हणायचे, “समोरच्या कडेला लावून परत इथंच आणून थांबवा, साहेब.” मी विशीचा, ते साठीचे, आणि साहेब मी. चेंडू दर वेळी कुशनला आपटून वीतभर पुढे यायचा. ते तो उचलून पुन्हा कडेला टेकवायचे.