अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही शेजारची बेटे. त्यांच्या धावपट्ट्यांमधले अंतर जेमतेम २.७ किलोमीटर. वेळापत्रकात उड्डाणाला दोन मिनिटे दिलेली आहेत, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. लोगनएअर कंपनीने १९६७ मध्ये सुरू केलेली ही सेवा जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून गाजली. पण या कौतुकामुळे तिचे खरे कारण झाकले जाते. हे विमान मुळात कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावाहून निघते. इस्पितळ, कचेऱ्या, मोठी दुकाने सगळी तिथे, आणि कर्कवॉलहून वेस्ट्रेला बोटीने जायला जवळपास दीड तास लागतो. हवेतून पाव तास. कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटांना टेकून परतायचे, अशी ही फेरी. दोन मिनिटे हा तिचा एक तुकडा. त्यामुळे मोजायचे असेल तर शेजाऱ्यांमधले अंतर नव्हे, बेटाचे मुख्य गावापासूनचे तुटलेपण मोजावे लागेल.

ही सोय तंत्राने शक्य झाली, हेही खरे. १९६५ मध्ये प्रथम उडालेले ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचे विमान पाचशे मीटरच्या आसपासच्या धावपट्टीवरही उतरते. त्यात आठेक प्रवासी मावतात आणि एखाद्याला थेट वैमानिकाशेजारी जागा मिळते. मात्र यंत्र असले म्हणून मार्ग टिकत नाही. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. तिथे तिकिटांच्या पैशावर खर्च निघणे अशक्य. सेवा चालते ती सरकारी अनुदानावर, आणि तिचा वापर शिक्षक, डॉक्टर, रुग्ण रोजच्या कामासाठी करतात.

यावर कोणी म्हणेल, हा तर पर्यटकांचा खेळ. उड्डाणाचे प्रमाणपत्रही मिळते. पर्यटक येतात ते सेवेच्या कीर्तीमुळे. सेवा काही त्यांच्यासाठी सुरू झाली नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्याशा अंतरावर पूल का नको? ऑर्कनीच्या दक्षिणेकडील बेटे चर्चिल बांधांनी जोडली गेली खरी, पण १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने 'रॉयल ओक' युद्धनौका बुडवल्यावर नौदलाच्या तळाच्या रक्षणासाठी ते बांध घातले गेले. रहिवाशांना रस्ता मिळाला तो युद्धाच्या पोटातून. शिवाय पापा वेस्ट्रेहून पूल झाला तरी तो वेस्ट्रेपर्यंतच पोहोचणार. कर्कवॉल समुद्रापलीकडेच राहणार. खुद्द लोगनएअरचा जन्म १९६२ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या घरात झाला, आणि तिच्या विमानांनी मात्र पूल नसलेल्या जागा धरल्या.

करदात्यांनी हा भार का उचलावा, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची ठेवली. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनीच ती मुदत पूर्ण केल्याचे कॅगच्या २०२३ च्या अहवालात आले. जिथे रेल्वे आणि रस्ता आहे तिथे मार्ग बंद पडला तरी लोक पर्याय शोधतात. म्हणून तिथे मुदत घालणे रास्त. पण पर्याय तोकडा आहे तिथे तीन वर्षांत नफा मागणे म्हणजे एसटीच्या डोंगराळ फेरीकडून पहिल्याच हंगामात फायदा मागण्यासारखे आहे. अनुदान द्यायचे की नाही, हे किलोमीटर किंवा मिनिटे पाहून नव्हे, विमान बंद झाल्यावर रुग्णाचा आणि शिक्षकाचा किती वेळ जाईल हे पाहून ठरवावे.