तेर्प

नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंड प्रांतात, हेगेबाइंटुम नावाचं चिमुकलं गाव आहे. चहूकडे सपाट शेतं आणि मधोमध समुद्रसपाटीपासून जवळपास 9 मीटर उंचीचा मातीचा ढिगारा. हा देशातला सर्वांत उंच तेर्प, आणि तो माणसांनी रचलेला. समुद्राला बांध नव्हते तेव्हा भरतीचं पाणी घरात शिरू नये म्हणून लोक चिखल, शेण, कचरा यांचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढवत गेले.

जुन्या फ्रिजियन भाषेत ‘तेर्प’ या शब्दाचा अर्थ टेकाड नव्हे, ‘गाव’ असा होता. डच ‘डोर्प’ आणि जर्मन ‘डोर्फ’ ही त्याचीच भावंडं. वस्ती टेकाडावरच असल्यामुळे गावासाठीचा शब्द टेकाडाला चिकटला. शेजारच्या ग्रोनिंगेनमध्ये त्यालाच ‘वीर्डं’ म्हणतात. हेगेबाइंटुम या नावातला ‘हेगे’ म्हणजे उंच. शेवटचा ‘उम’ घरवाचक शब्दाचा झिजलेला अवशेष.

एकोणिसाव्या शतकापासून तेर्पची सुपीक माती खत म्हणून विकली जाऊ लागली. कित्येक तेर्प पार भुईसपाट झाले, हे वाचताना जीव हळहळतो. हेगेबाइंटुमचाही मोठा भाग खणून नेला. माथ्यावरचं बाराव्या शतकातलं चर्च आणि भोवतीचं दफनस्थान मात्र वाचलं.