'प्लेट' : रणजीतल्या एका शब्दाची कुळकथा

रणजी करंडक स्पर्धेत खालच्या श्रेणीतल्या संघांचा जो गट केला जातो त्याला 'प्लेट' म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या क्रिकेटरसिकाला हा शब्द ऐकून माहीत असला, तरी आपल्या संघाविषयी तो वापरण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही. कारण ठाण्याचे क्रिकेट मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली येते आणि मुंबईचा संघ या गटात कधी उतरलेला नाही. डोंबिवलीत जन्मलेले नीलेश कुलकर्णी, डोंबिवलीतच वाढलेला अजिंक्य रहाणे किंवा कल्याणचा तुषार देशपांडे हे सारे मुंबईकडूनच रणजी खेळले. उतरंडीची ओळख मात्र या भागाला जुनी आहे, कारण १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये 'ए'पासून 'जी'पर्यंत श्रेण्या आहेत आणि तिथे क्लबची पत अक्षरावरूनच कळते.

प्लेट हा शब्द मुळात असा हिणकस नव्हता. युरोपीय भाषांत त्याचा आरंभीचा अर्थ धातूचा सपाट पत्रा असा होता. स्पॅनिशमध्ये त्याच मुळापासून 'प्लाता' म्हणजे चांदी हा शब्द झाला, आणि इंग्रजीत सोन्यारुप्याच्या भांड्यांना मिळून प्लेट म्हणू लागले. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतीचे बक्षीस म्हणून अशी भांडी दिली जात असल्यामुळे शर्यतीलाच बक्षिसाचे नाव पडले, आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने न्यूमार्केट येथे १६६० च्या दशकात सुरू केलेली 'टाउन प्लेट' ही शर्यत त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणजे मूळ प्लेट राजाच्या हातची होती. तिचा दर्जा घसरला तो पुढे, जेव्हा मुख्य बक्षिसासाठी 'कप' हा शब्द रूढ झाला आणि प्लेट दुय्यम बक्षिसाकडे गेली. विम्बल्डन येथे १८९६ पासून मुख्य स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत हरलेल्यांसाठी 'ऑल इंग्लंड प्लेट' ही वेगळी स्पर्धा भरवली जाऊ लागली, आणि हरलेल्यांची समजूत काढणारी स्पर्धा हा अर्थ या शब्दाला कायमचा चिकटला.

भारतात हा शब्द स्पर्धेच्या रचनेत आला तो २००२-०३ च्या मोसमात. १९३४ मध्ये सुरू झालेली रणजी स्पर्धा १९५६-५७ पर्यंत निव्वळ बाद पद्धतीने, म्हणजे एक सामना हरला की संघ बाहेर, अशी खेळली जात होती. त्यानंतर विभागवार साखळी आली, ज्यात एका विभागातले सर्व संघ एकमेकांशी खेळत. या रचनेत दुबळ्या संघांना बलाढ्य शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षे झुंजावे लागे, म्हणून विभाग मोडून 'एलिट' आणि 'प्लेट' असे दोन स्तर करण्यात आले, आणि खेळाच्या जोरावर वर चढण्याची व खाली घसरण्याची तरतूद झाली. दोन्ही नावांत शिष्टाचार आहे; 'कनिष्ठ' म्हणण्याचे धाडस भारतीय क्रिकेट मंडळाने केले नाही.

हा संकोच केवळ भारतीय नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९७८ साली वरच्या श्रेणीचे दोन भाग करून खालच्याला 'वन-डबल-ए' असे नाव दिले गेले आणि पुढे २००६ मध्ये तेही बदलून 'चॅम्पियनशिप सबडिव्हिजन' असे भारदस्त करण्यात आले. नवल असे की मोसमाअखेरची बाद फेरी, जिला तिकडे 'प्लेऑफ' म्हणतात, या खालच्या श्रेणीला पहिल्याच वर्षी चार संघांनिशी मिळाली आणि फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाने मॅसॅच्युसेट्सला ३५-२८ असे हरवून ती जिंकली, तर वरच्या श्रेणीला तशी फेरी २०१४ च्या मोसमापर्यंत नव्हती. तिथे मात्र मैदानावर जिंकून वर जाता येत नाही. श्रेणी बदलायची तर विद्यापीठाला तसा निर्णय घ्यावा लागतो.

रणजीत जिंकून वर जाता येते, आणि काही वर्षे तर प्लेटमधल्या आघाडीच्या संघांना त्याच मोसमात मुख्य बाद फेरीत प्रवेश होता. या दाराने २०१०-११ मध्ये राजस्थानचा संघ आत आला, ज्याचा कर्णधार पुण्याचा हृषिकेश कानिटकर होता. मोसमाच्या आरंभी जयपूरला त्यांनी हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळले, जी रणजीतली नीचांकी धावसंख्या ठरली. पहिलाच सामना खेळणाऱ्या दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले. पुढे उपांत्यपूर्व फेरीत मुंबई, उपांत्य फेरीत तमिळनाडू आणि अंतिम सामन्यात बडोदा यांना पहिल्या डावातील आघाडीवर मागे टाकून प्लेटमधून आलेल्या संघाने करंडकच उचलला, आणि पुढच्या वर्षी तो राखलाही.

याच दाराची दुसरी बाजू मार्च २०२२ मध्ये दिसली. २०१८-१९ मध्ये नऊ नवे संघ दाखल झाल्यावर प्लेट गट प्रामुख्याने त्यांचाच झाला होता, आणि त्यातून पुढे आलेल्या नागालँडविरुद्ध झारखंडने पहिल्या डावात ८८० धावा करून अखेरीस एकूण आघाडी १,००८ पर्यंत नेली. यानंतर प्लेटची बाद फेरी स्वतंत्र करण्यात आली. निर्णय समजण्याजोगा होता, पण त्याने राजस्थानची वाटही बुजली, आणि हे नुकसान मोठे मानले पाहिजे.

स्वतंत्र झालेल्या या गटातच नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ६०६ धावांची भागीदारी केली. रणजी करंडकाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी भागीदारी असून तिने मोडलेला नाबाद ५९४ धावांचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध वानखेडे मैदानावर केला होता.